बोंडात शिरलेली अळी : खात्यातला पैसा चोरणारे प्रोग्रॅम आणि त्यांचा बंदोबस्त

(छत्रपती संभाजीनगर जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून या मांडवात कापसाच्या भावावर बोलणे झाले. सीसीआयच्या खरेदीवर झाले. विमा कंपन्यांवर तर दोघे-तिघे बोलले. आता आमच्या वाट्याला जो विषय आला त्याचे नाव ऐकून मागच्या रांगेतले चार-पाच जण तंबाखू मळायला बाहेर निघाले आहेत. त्यांना जरा थांबवा. विषय मोबाईलचा आणि संगणकाचा वाटतो, पण तो आहे कापसाच्या पट्टीचा. पट्टी हातात पडली, पैसे खात्यात जमा झाले आणि तिसऱ्या दिवशी खाते रिकामे झाले, तर भाव सात हजार मिळाला काय आणि आठ हजार मिळाला काय?

गेल्या हंगामातली गोष्ट आहे. आपल्याच एका कार्यकर्त्याची. नाव सांगत नाही, तो इथे बसला आहे आणि त्याच्या परवानगीनेच सांगतो आहोत. चौदा क्विंटल कापूस हमीभावाने घातला. लाखाच्या वर रक्कम खात्यात आली. त्याच सुमारास तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फाईल पडली. नाव होते पीएम किसानच्या नव्या यादीचे. पाठवणारा ओळखीचा, शेजारच्या गावचा. याने फाईल दाबली. फोनने विचारले, हे बसवू का? याने हो म्हटले. मग फोन आणखी दोन-तीन गोष्टी विचारत गेला आणि हा हो म्हणत गेला. सरकारी चिन्ह असलेला फॉर्म आला. नाव, आधार क्रमांक, खाते क्रमांक. शेवटी पडताळणीसाठी एक रुपया भरा म्हणाला. एक रुपयाच तर आहे, म्हणून याने यूपीआयचा पिन घातला. फॉर्म बंद झाला, ॲपचे चित्र फोनवरून नाहीसे झाले. याला वाटले, रेंज नाही, उद्या बघू.

तिसऱ्या दिवशी वेचणीच्या बायांची मजुरी द्यायला पैसे काढायला गेला, तर खात्यातून शहाण्णव हजार गेलेले. बँकेतले साहेब म्हणाले, तुम्हीच कुणाला तरी ओटीपी सांगितला. हा म्हणाला, देवाशप्पथ, कुणाचा फोनच आला नाही, सांगणार कुणाला? साहेबांना वाटले हा खोटे बोलतो. याला वाटले साहेब सामील आहेत. दोघेही खोटे बोलत नव्हते. ओटीपी गेला होता हे खरे, आणि याने तो कुणाला सांगितला नव्हता हेही खरे. ओटीपी त्या ॲपने परस्पर वाचला आणि परस्पर पाठवून दिला.

यात आमचाही दोष आहे, तो आधी कबूल करतो. तो ग्रुप आपल्याच संघटनेचा होता. फाईल आम्हीही पाहिली होती. आम्ही उघडली नाही, कारण आम्हाला संशय आला. पण संशय आला तर ग्रुपवर चार ओळी लिहून टाकाव्यात, हे आम्हाला सुचले नाही. शेतात अळी दिसली आणि बांधावरच्या शेजाऱ्याला सांगितले नाही, तर त्या कृषी पदवीचा उपयोग काय? त्या दिवशी न लिहिलेल्या चार ओळी आज तुमच्यापुढे सविस्तर मांडतो आहोत.

नाव धान्याचे, आत मीठ

या जातीच्या प्रोग्रॅमला ट्रोजन म्हणतात. ग्रीक लोकांच्या जुन्या कथेत शत्रूने लाकडाचा मोठा घोडा वेशीपुढे सोडला, ट्रॉय शहराच्या लोकांनी तो स्वतःच ओढून आत नेला आणि रात्री घोड्याच्या पोटातून सैनिक बाहेर पडले. त्यावरून हे नाव. पण आपल्याला ग्रीसपर्यंत जायची गरज नाही. इथून पंधरा किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, तेव्हा रामदेवराव यादव किल्ल्यात कोंडले गेले. घाईघाईने आत घेतलेल्या धान्याच्या गोण्या सोडून पाहिल्या तर त्यात मीठ निघाले, असे सांगतात. असा किल्ला तोफेने फोडावा लागत नाही. गोणी उघडून न पाहता आत घेतली की झाले.

बँकेतला पैसा चोरणारा ट्रोजन असाच येतो. कधी पीएम किसानची यादी म्हणून, कधी गाडीचे चलन म्हणून, कधी वीजबिल म्हणून, कधी चक्क लग्नपत्रिका म्हणून. दार तो फोडत नाही, दार आपण उघडतो. आणि बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाच्या नंबरावरून येतो, कारण त्या माणसाचा फोन आधीच पोखरलेला असतो. पाठवणाऱ्या बापड्याला त्याचा पत्ताही नसतो.

फाईल ओळखायची खूण एकच आहे. नावाच्या शेवटी टिंब आणि मग एपीके ही तीन इंग्रजी अक्षरे असली, तर ती यादी नाही, पत्रिका नाही, फोटो नाही. तो प्रोग्रॅम आहे. यादी वाचायची असते, बसवायची नसते. वाचायच्या गोष्टीसाठी फोन ‘इन्स्टॉल करू का’ असे विचारू लागला, तर तिथेच थांबायचे.

अळी आत काय करते

गुलाबी बोंडअळीने २०१७ साली आपल्याला काय शिकवले? बोंड बाहेरून हिरवेगार दिसते. अळी लहान असताना आत शिरते, शिरलेले छिद्र बुजून जाते, आणि सरकी खाऊन होईपर्यंत शेतकऱ्याला काही कळत नाही. फवारा वरून मारला तरी तिला लागत नाही. ट्रोजनचे तसेच आहे. फोन चालू असतो, गाणी वाजतात, बाजारभाव दिसतात. आत काम चाललेले असते.

ते काम असे. बसवताना ॲप तीन परवानग्या मागते. पहिली, एसएमएस वाचण्याची. ती मिळाली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराला पोचतो, आणि काही ॲप तर बँकेचा निरोप तुम्हाला दिसूच देत नाहीत. दुसरी, ॲक्सेसिबिलिटीची. ही सोय ज्यांना नीट दिसत नाही किंवा हात चालत नाहीत अशा माणसांसाठी केलेली आहे. ती असली की प्रोग्रॅम पडद्यावरचे वाचू शकतो आणि माणसाच्या वतीने बटणे दाबू शकतो. आंधळ्याची काठी चोराच्या हातात जाते. तिसरी, डिव्हाइस ॲडमिनची. ती दिली की ॲप काढून टाकायचे बटणच चालेनासे होते.

हे काही एका गावापुरते नाही. ‘द्रिनिक’ नावाचा ट्रोजन आयकराचा परतावा देतो म्हणून फोनमध्ये शिरत होता. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०२१ मध्ये त्याबद्दल देशाला इशारा दिला. २०२२ मध्ये ‘सोवा’ नावाच्या दुसऱ्याबद्दल दिला. संगणकात ‘झ्यूस’ नावाचा ट्रोजन तर २००७ पासून ठाऊक आहे. तो ब्राउझरमध्ये बसतो. पान बँकेचे खरे असते, पण त्यात एखादा रकाना जास्त येतो. बँक कधी विचारत नाही ते तो रकाना विचारतो. काही ट्रोजन तर पैसे काढून झाल्यावर शिल्लकही खोटी दाखवतात.

बँकसुद्धा बसली

कुणी म्हणेल, शेतकरी अडाणी म्हणून फसतो. हा आरोप आपल्याला नवा नाही. कर्ज थकले की शेतकरी उधळ्या, पीक बुडाले की शेतकरी मागासलेला, आणि खाते रिकामे झाले की शेतकरी अडाणी. तर मग पुण्याचे ऐका.

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची. देशातल्या जुन्या आणि मोठ्या सहकारी बँकांपैकी एक. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातला दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. चोरांनी मालवेअर घालून एटीएमच्या व्यवहारांना होकार देणाऱ्या यंत्रणेलाच बगल दिली आणि होकार देणारी स्वतःची खोटी यंत्रणा मध्ये उभी केली. मग नकली कार्डे घेऊन माणसे एटीएमपुढे उभी राहिली. २८ देशांत सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी रुपये निघाले. भारतात अडीच कोटी निघाले, त्यातली मोठी रक्कम आपल्याच कोल्हापुरातून. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय निरोपयंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. संगणक विभाग असलेली, तिजोरीवर पहारा असलेली, शंभर वर्षे जुनी बँक दोन दिवसांत इतकी लुटली गेली. तिला कुणी अडाणी म्हटले का?

या कथेतून दोन गोष्टी घरी न्या. पहिली, तिथे ठेवीदारांचा पैसा गेला नाही. बँकेने नुकसान स्वतःच्या अंगावर घेतले. म्हणजे दोष यंत्रणेचा असेल तर भरपाई यंत्रणेने करायची, हे तत्त्व चालू शकते.

दुसरी गोष्ट आपल्या पोरांसाठी. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०१९ च्या अहवालात या दरोड्याचा धागा उत्तर कोरियाशी जोडला. पण २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ज्या अकरा जणांना शिक्षा दिली, ते कोरियातले सूत्रधार नव्हते. ते इथले होते, कार्ड घेऊन एटीएमवर उभे राहिलेले आणि त्यांना जमवणारे. आज गावातल्या बेकार पोराला कुणीतरी म्हणतो, तुझे खाते आणि एटीएम कार्ड महिनाभर वापरायला दे, पाच हजार घे. चोरीचा पैसा त्या खात्यातून फिरतो, चोर दूर राहतो आणि पोलीस येतात ते पोराच्या दारात. खाते भाड्याने देणे म्हणजे बांधावर दुसऱ्याचा गांजा लावू देणे आहे. असे कुणी विचारत असेल तर आधी संघटनेला सांगा.

फोनमधून अळी काढायची कशी

आता कामाचे बोलू. ज्यांच्याकडे वही आहे त्यांनी लिहून घ्या. क्रम महत्त्वाचा आहे.

एक. संशय आला त्या क्षणी फोनचे इंटरनेट बंद करा. विमानाचे चित्र असलेले बटण दाबा, वायफायही बंद आहे ना ते पहा. निरोप बाहेर गेला नाही तर चोर आंधळा होतो.

दोन. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा आणि खाते, कार्ड, यूपीआय आणि नेटबँकिंग थांबवायला सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० हा नंबर लावा. त्याबद्दल पुढे सांगतो.

तीन. पुरावा जपा. आलेली फाईल, पाठवणाऱ्याचा नंबर, बँकेचे निरोप यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा. घाबरून सगळे पुसून टाकू नका. पंचनाम्याआधी कुणी शेत नांगरत नाही.

चार. सेटिंग्जमध्ये ॲप्सची पूर्ण यादी उघडा. पडद्यावर चित्र नसलेले ॲपही या यादीत सापडते. कधी त्याला नावच नसते, कधी गुगलसारखे किंवा बँकेसारखे नाव असते. ते उघडून ‘अनइन्स्टॉल’ करा. बटण चालत नसेल तर सेटिंग्जमध्ये वर शोधायच्या जागी डिव्हाइस ॲडमिन शोधा, तिथे त्या ॲपची परवानगी काढा. ॲक्सेसिबिलिटीतही पहा, तुम्ही स्वतः चालू न केलेले काही चालू असेल तर बंद करा. मग पुन्हा काढा.

पाच. तरीही निघत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये चालू करा. बऱ्याच फोनमध्ये बंद करायच्या बटणाचे चित्र दाबून धरले की तो पर्याय येतो. सेफ मोडमध्ये बाहेरून बसवलेली ॲप झोपलेली असतात. झोपलेल्या अळीला वेचणे सोपे.

सहा. फाईल डाउनलोडच्या फोल्डरमधूनही काढा. नाही तर घरातले पोर पुन्हा दाबेल. मग प्ले स्टोअरमधल्या प्ले प्रोटेक्टने फोन तपासून घ्या.

सात. खात्री वाटत नसेल तर फोन फॅक्टरी रिसेट करा. त्याआधी तक्रार नोंदवा, फोटो आणि फोन नंबर बाजूला काढा. रिसेटनंतर ॲप जुन्या साठ्यातून परत आणू नका, प्ले स्टोअरमधून एकेक नव्याने घ्या.

आठ. पासवर्ड आणि पिन बदलायचे, पण त्या फोनवरून नाही. तो साफ झाल्यानंतर, किंवा दुसऱ्या चांगल्या फोनवरून. आणि डायल करायच्या जागी ##००२# लावा. चोराने तुमचे फोन आपल्याकडे वळवून घेतले असतील तर ते वळण त्याने रद्द होते.

संगणकाचा बंदोबस्त

आपल्यापैकी फार जणांच्या घरी संगणक नाही. पण आपला सातबारा, विमा अर्ज आणि बँकेचे अंगठे ज्या संगणकावर होतात तो सेवा केंद्रात असतो. शिवाय आता गटांच्या शेतकरी कंपन्या झाल्या आहेत, त्यांचे हिशेब संगणकावर असतात. कंपनीच्या खात्यात दोनशे सभासदांच्या तुरीचा पैसा असतो. तिथला संगणक पोखरला तर एका घराचे नाही, दोनशे घरांचे नुकसान.

तिथे ट्रोजन येतो तो बहुधा ई-मेलला जोडलेल्या बिलातून, पेनड्राइव्हमधून, किंवा फुकट बसवलेल्या चोरीच्या सॉफ्टवेअरमधून. चोरीचे विंडोज चालू करून देणारा प्रोग्रॅम आधी काय सांगतो? अँटिव्हायरस बंद करा. राखणदाराला झोपवा म्हणणारा पाहुणा कोण असतो, ते सांगायला नको.

काढायची पद्धत अशी. आधी इंटरनेटची तार काढा. त्या संगणकावरून बँकेत शिरू नका. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदला. मग विंडोज सिक्युरिटीत जाऊन डिफेंडरची ऑफलाइन तपासणी चालवा. ती संगणक बंद करून, विंडोज पुरते जागे होण्याआधी शोध घेते, म्हणून लपलेलेही सापडते. यानंतर दुसऱ्या कंपनीच्या साधनाने पुन्हा तपासा. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून अशी साधने फुकट ठेवली आहेत, त्यात आपल्या पुण्याच्या क्विक हीलचेही आहे. ती स्वच्छ संगणकावर उतरवून घ्या. मग कंट्रोल पॅनेलमधली अनोळखी सॉफ्टवेअर आणि ब्राउझरला चिकटलेली अनोळखी जोडपट्टी काढून टाका. विंडोज ताजे करा. विंडोज ७ ची देखभाल जानेवारी २०२० मध्ये थांबली, विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. देखभाल नसलेल्या संगणकावर शेतकऱ्यांच्या पैशाचे व्यवहार करू नयेत.

एवढे करूनही शंका उरली तर कागदपत्रे तेवढी बाजूला काढा, डिस्क पुसा आणि विंडोज नव्याने बसवा. एक दिवस जातो, पण झोप लागते. आम्ही डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटा, फरदड घेऊ नका, असे का सांगतो? दोन वेचण्यांच्या लोभाने ठेवलेल्या पऱ्हाटीत अळी पुढच्या हंगामाची वाट बघत बसते. अर्धवट साफ केलेला संगणक ही फरदडच आहे.

पैसा परत मिळवण्याचे भांडण

आता १९३० चे सांगतो. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर आहे. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात उड्या मारतो आणि शेवटी रोख निघतो. तो रोख निघण्याआधी तक्रार पोचली तर वाटेतल्या बँका तो अडवून धरतात. म्हणून पहिला तास मोलाचा. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ जवळ ठेवून फोन लावा. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

बँकेत कसे भांडायचे? रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांसाठीही काढले. त्याचा सारांश असा. दोष बँकेचा असेल तर ग्राहकाला झळ नाही. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, मधल्या तिसऱ्याच कुणाचा असेल आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळवले, तरीही ग्राहकाला झळ नाही. चार ते सात दिवस लावले तर ठरावीक मर्यादेपर्यंत झळ. ग्राहकाच्या हलगर्जीपणाने गेले असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. आणि सगळ्यात महत्त्वाचे वाक्य : ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे.

खोटी आशा दाखवायला आम्ही उभे नाही. पिन तुम्ही घातला असेल तर बँक त्यावर बोट ठेवणार. आपल्या कार्यकर्त्याच्या बाबतीत तसेच झाले. तीन दिवस उशीर झाला होता. अडवलेले अकरा हजार परत मिळाले, बाकीचे गेले. पण तोंडी भांडून आलात तर काहीच मिळत नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, तारीख-वेळ लिहून घ्या. तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून शाखेत जाऊन आजचा नियम लेखी मागा. तो मागणे हा तुमचा हक्क आहे.

आधीच काय करावे

पेरणीआधी बीजप्रक्रिया करतो तशी चार कामे आजच करा.

ॲप फक्त प्ले स्टोअरमधूनच घ्या. व्हॉट्सॲपवर आलेले ॲप म्हणजे लेबल नसलेले, पावती नसलेले बियाण्याचे पाकीट. बियाण्याच्या स्वातंत्र्यासाठी आपले सरकारशी भांडण आहे, ते चालूच राहील. पण कुणी बनवले हे ठाऊक नसलेले पाकीट आपल्यापैकी कुणीही डोळे मिटून पेरत नाही. आणि प्ले स्टोअरमध्येही नाव आणि बनवणारा नीट वाचा.

खाती दोन ठेवा. कापसाचा, तुरीचा, अनुदानाचा पैसा येतो त्या खात्याला यूपीआय जोडू नका. किराणा-डिझेलसाठी दुसरे छोटे खाते ठेवा, त्यात चार-पाच हजार टाका आणि यूपीआय त्याला जोडा. चोर आला तरी कणगीपर्यंत जाणार नाही, डब्यापर्यंतच जाईल.

मोठ्या खात्याला जोडलेले सिमकार्ड साध्या बटणांच्या फोनमध्ये ठेवा. त्या फोनमध्ये ही ॲप बसतच नाहीत, त्यामुळे ओटीपी परस्पर वाचायला कुणी नसते. आजीचा जुना फोन कपाटात पडला असेल तर बाहेर काढा.

चौथे, घरात बोला. फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो. आपला कार्यकर्ता बायकोला सांगायलाही दोन दिवस घाबरला. ती चुप्पी चोराच्या कामी येते. ज्याचे पैसे गेले त्याला हसू नका. त्याला १९३० लावून द्या.

सरकारला विचारायचे ते

एवढे सगळे शेतकऱ्यानेच करायचे का? जरा हिशेब मांडा. पीक पाहणी ॲपवर. शेतकरी ओळख क्रमांक ऑनलाइन. केवायसी ऑनलाइन. २०२५ मध्ये हमीभावाने कापूस घालायचा तर कपास किसान नावाच्या ॲपवर नोंदणी सक्तीची झाली. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यातली शेती खरवडून नेली, त्याचे अनुदानही खात्यातच. दर हंगामात सरकार शेतकऱ्याला म्हणते, हे नवे ॲप बसव, नाही तर पैसे मिळणार नाहीत. मग चोराने तेच वाक्य तसेच्या तसे म्हटले, तर शेतकऱ्याने दोघांतला फरक ओळखायचा कसा? हो म्हणायची सवय लावली कुणी?

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. तंत्रज्ञान शेतकऱ्यापर्यंत यावे म्हणून ही चळवळ वर्षानुवर्षे भांडते आहे. पण ज्याने सक्ती केली त्याने राखण करावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

म्हणून या मेळाव्यापुढे चार ठराव मांडतो.

पहिला. शेतकऱ्याने वापरायच्या प्रत्येक सरकारी ॲपचे नेमके नाव आणि बनवणाऱ्या खात्याचे नाव ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लावावे, आणि कुठलेही खाते व्हॉट्सॲपवरून ॲप पाठवत नाही हे मोठ्या अक्षरांत लिहावे.

दुसरा. ज्या नोंदणीवर शेतकऱ्याचा पैसा अवलंबून आहे, ती प्रत्येक नोंदणी खरेदी केंद्रावर किंवा तलाठ्याकडे कागदावरही करून मिळावी. ॲपची सक्ती नको.

तिसरा. बँकेच्या प्रत्येक ग्रामीण शाखेत फसवणुकीची तक्रार घेणारा एक माणूस नेमावा आणि त्याने जागेवर लेखी पोच द्यावी.

चौथा ठराव आपल्या स्वतःसाठी आहे. संघटनेच्या कुठल्याही ग्रुपवर एपीके फाईल दिसली तर ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने तिथेच लिहायचे : उघडू नका. आणि पाठवणाऱ्याला फोन करून सांगायचे, तुझा फोन पोखरला आहे. ग्रुपमध्ये उशिरा वाचणारे पुष्कळ असतात, म्हणून गावातल्या दोघांनी घरोघर सांगायचे.

पहिले तीन ठराव मंजूर करून घ्यायला मोर्चा काढावा लागेल, कदाचित दोन. चौथ्याला मोर्चा लागत नाही. तो आज रात्री घरी पोचायच्या आत सुरू करता येतो. ज्यांना तो मान्य आहे त्यांनी हात वर करावेत.

हात पुष्कळ वर आलेले दिसतात. मागे तंबाखू मळणाऱ्यांचेही आहेत. मग आता खिशातले फोन काढा आणि १९३० हा नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये लिहून टाका. तेवढे झाल्यावरच जेवणाच्या पंगती बसतील.